आजोबांचा नांगर

एका राज्यात डोंगर होते, नदी होती, पण सावली नावालाही नव्हती. राजकन्या तुंगीच्या आजोबांनी सगळं रान तोडलं होतं. सपाटीवर नांगर घातला, उतारावर राजघराण्याची गुरं सोडली. वनदेवी कोपली आणि तिने तुंगीच्या धाकट्या भावाला, केदाराला, धनेश पक्षी केलं. पाप म्हाताऱ्याचं, पिसं नातवाला.

देवी म्हणाली, "कातळावरचं, कुरणातलं आणि नांगरटीतलं, अशी जांभळाची तीन पानं एकत्र ठेवा. तेव्हाच हा माणूस होईल."

राजगुरूंनी यज्ञ सांगितला. यज्ञाला उरलीसुरली झाडंही तोडली. त्या दिवशी तुंगीने त्यांची पाठशाळा सोडली.

पहिलं पान सहज मिळालं. कातळावर ना नांगर कधी चढला होता, ना यज्ञाची कुऱ्हाड; तिथे एक जांभूळ उभं होतं.

उतारावरच्या कुरणात जांभळाची मुळं जिवंत होती. दर पावसाळ्यात फुटवे येत, दर पावसाळ्यात गुरं ते खुडत. तुंगीने गुरं हलवायला सांगितली. राजा, तिचा बाप, म्हणाला, "ती वडिलांची ठेव आहे."

"आणि केदार कोणाचा, महाराज?"

तुंगीने गोठे उघडले, गुरं नदीपार हाकलली. आधी करवंदीच्या जाळ्या माजल्या, पाचव्या वर्षी त्यांच्यातून जांभूळ वर आलं.

नांगरटीत मात्र मूळच उरलं नव्हतं. शेत केव्हाच ओस पडलेलं. टाकळ्याचं तण उगवे, वाळून जाई. तुंगीने पेरलेलं बी उन्हात करपे.

"आक्का," धनेश म्हणाला, "आम्ही पाखरं बसतो तिथे खाल्लेल्या फळांचं बी पडतं. इथे बसू कशावर?"

आजोबांचा नांगर देवळात होता, रोज हळदकुंकू लावलेला. तुंगीने तो ओढत आणला.

राजगुरू आडवे आले. "मुली, ते दैवत आहे."

"मग दैवताने काम करावं, गुरुजी."

तिने नांगर शेतात उभा पुरला. केदार कातळावरची जांभळं, कुरणातली करवंदं खाऊन त्याच्या दांड्यावर बसू लागला. वर्षं गेली. नांगराला वाळवी लागली, राजा पोराची वाट बघत मेला. नांगराच्या बुडाशी करवंद रुजलं, त्याच्या आडोशाला जांभळाचं एक रोप.

तिसरं पान आलं. तुंगीने तिन्ही पानं एकावर एक ठेवली. पिसं गळून पडली आणि समोर केस पिकलेला माणूस उभा राहिला.

"आक्का, महाराज कुठे आहेत?"

तुंगीने मान खाली घातली.

शाप सुटला. केदार गादीवर बसला, गुरं नदीपारच राहिली. उतारावर आज दाट रान आहे. सपाटीवर अजून ऊनच जास्त. तिथे झाडं मोजकी, तीही वाळवीने खाल्लेल्या त्या नांगराभोवतीच.