पुतळ्याचं सुटं डोकं

जुन्या सम्राटाची सत्ता हिसकावून सेनापती कॅल्व्हियस रोमच्या गादीवर बसला आणि पहिल्याच दिवशी त्याने म्हाताऱ्या नोव्हियस शिल्पकाराला चौकात खेचून आणलं.

“माझ्या वैऱ्याचा हा पुतळा तूच घडवलास! आता तुझी मान उडवतो.”

नोव्हियस पुतळ्याला शिडी लावून वर चढला आणि त्याने पुतळ्याचं डोकं दोन्ही हातांनी उचलून काढलं. “सरकार, आम्ही धड एकदाच घडवतो, डोकी बदलतो. तुमचं बसवू?”

“बसव! पण कुणाला काढता येणार नाही, असं पक्कं बसव.”

“ते माझ्या हातात नाही, सरकार. ते तुमच्या कारभारावर आहे.”

कॅल्व्हियसने नकळत स्वतःची मान चाचपली आणि तो खो-खो हसला. “जा घरी!”

नोव्हियसच्या जिवात जीव आला. जुनं डोकं मात्र त्याने पोत्यात घालून घरी नेलं. न जाणो, पुन्हा लागायचं!