कोंडाईची वाटी

फार वर्षांमागची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचा एकही म्हातारा आता सारवासारव करायला उरलेला नाही. सोनवळ नदीच्या काठाला शेवरे नावाचं गाव होतं. अजून आहे. नदी तेव्हा एवढी नितळ, की घाटावर जोडवं पडलं तर बायका काठावरूनच बघायच्या आणि हात घालून काढायच्या. कासवं उन्हाला यायची, खंड्या सूर मारायचा. गावचं सांडपाणी नदीत जात नव्हतं. ज्याचं पाणी त्याच्याच परसात, अळूच्या वाफ्यात नाहीतर केळीच्या आळ्यात मुरायचं.

मग गावात पैसा आला. मोठ्या घरांनी मागच्या अंगाला शेतखाने म्हणजे संडास बांधले. सगळी घाण एका चरातून गावाबाहेर न्यायचं ठरलं. जमिनीचा उतार होता घाटाच्या खालच्या बाजूला. पण तिकडे जाताना चर पाराजवळून जाणार होता आणि पारावर बसायचे गावचे वडीलधारे. तंबाखू मळत दुसऱ्यांचे न्यायनिवाडे करायचे. त्यांच्या नाकाला वास नको. म्हणून त्यांनी उताराच्या उलट खणायला लावलं आणि चर पिण्याचं पाणी भरायच्या घाटाच्या वर, नदीत नेऊन सोडला.

कुणी काही बोललंच तर सखोजी पाटील म्हणायचे, "वाहत्या पाण्याला विटाळ नसतो."

पाटील स्वतः घरच्या आडाचं पाणी प्यायचे. पारावरच्या प्रत्येकाच्या घरात आड होता. असलं वाक्य बोलायला घरात आड लागतो.

आधी मासे गेले. मग बेडूक. पाण्यावर हिरवी साय धरली, खंड्या दुसरीकडे गेला. मग पोरांची पाळी आली. हगवण लागायची, डोळे खोल जायचे, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. कुणी काविळीनं गेलं, कुणी पटकीनं. असं म्हणतात, की त्या काळात शेवऱ्याच्या बुरुडानं पाळणे विणायचं सोडलं आणि नुसत्या तिरड्या बांधायला घेतल्या. पारावरच्यांनी देवीला बोकड कापला. चराला कुणी हात लावला नाही.

गावात एकच सुईण होती, कोंडाई. राहायची गावकुसाबाहेर. तिच्या हातून बाळ जन्मायचं आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली की घरात गोमूत्र शिंपडायचे, कारण तिच्या हाताला विटाळ. हाताला होता, गटाराला नव्हता.

गावाची रीत अशी, की बाळाची पहिली आंघोळ सोनवळच्याच पाण्यानं. त्यातलंच बोटभर पाणी बाळाच्या ओठांना लावायचं. त्याआधी आईनं बाळाला अंगावर पाजायचं नाही. ही रीत पारावरच्यांच्याच बापजाद्यांची. कोंडाई ती पाळायची, आणि तिनं न्हाऊ घातलेली पोरं बारशाआधीच मातीत जायची. पाटलाची दोन नातवंडं अशीच गेली. तेव्हा पारानं निवाडा केला, की कोंडीच्या हाताला यश नाही. आता तिसरं गेलं तर तिला गावातून हाकलायचं.

पाटलाच्या सुनेचे दिवस भरले. दुसरी सुईण नव्हती, म्हणून बोलावली तिलाच. सकाळी मुलगी झाली. कोंडाईनं नाळ कापली, पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. घाटावरून आणलेल्या पाण्याचं घंगाळ समोर आलं. असं म्हणतात, की तिनं वाकून बघितलं आणि त्या क्षणी पाणी शाईसारखं काळं झालं. ते आधीपासूनच काळं असणार. कुणी वाकलं नव्हतं.

"पाटलास्नी बोलवा," ती म्हणाली.

पाटलीणबाईंनी ओठांना लावायला घंगाळातली वाटी भरून ठेवली. पाटील दाराबाहेर येऊन उभे राहिले. "काय गं कोंडे, काय तमाशा लावलाय?"

"ही वाटी प्या, पाटील. मग पोरीच्या ओठाला लावते."

"तुझ्या हातचं पाणी पिऊ? जात विसरलीस?"

"माझ्या हातचं कशाला? वाटी तुमच्या कारभारणीनंच भरलीया. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो म्हनं."

मागे बायका उभ्या होत्या. त्यांच्यात कुणीतरी फिसकन हसलं.

"मग आडाचं आणा!" पाटील ओरडले. "आडाच्या पाण्यानं घाल आंघोळ!"

"घालते की. पण मग गावातल्या समद्या लेकरांना आडाचंच. आमच्या बी. दार उघडं ठेवा."

पोर भुकेनं रडायला लागली. आईचे हात शिवशिवत होते, पण रीत मोडायची कुणाची छाती नव्हती आणि कोंडाई पोरीला मांडीवर घेऊन हलत नव्हती.

असं म्हणतात, की ते रडणं वाढत गेलं. आधी आळीत ऐकू आलं, मग घाटावर, मग पलीकडच्या शिवारात. त्या एका रडण्यात गेलेल्या सगळ्या पोरांचं रडणं मिसळलं आणि सोनवळ वाहायची थांबली. घराघरांतून बायका निघाल्या. प्रत्येकीनं घाटावर वाटी भरली आणि पारावर येऊन आपापल्या सासऱ्यासमोर ठेवली.

"आज माझा उपास आहे," एक म्हातारा म्हणाला.

"पाण्याला उपास लागतो का हो, मामंजी?" पदराआडून सून म्हणाली.

तिकडे पाटलांनी वाटी उचलली. ओठांपाशी नेली. ज्या वासापायी त्यांनी चर फिरवला होता, तोच वास आपल्याच घरात, आपल्याच हातातल्या वाटीतून नाकात शिरला. वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "गडी पाठवतो. चर बुजवतील."

"गडी नगं," कोंडाई म्हणाली. "फिरवला तुमी. बुजवा बी तुमीच."

"आता तरी उठा," पाटलीणबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याशी अशा पहिल्यांदाच बोलल्या.

पाटील उठले. त्यांच्यामागून पारही उठला. जन्मात मातीला न लागलेले हात कुदळीवर पडले. चराच्या तोंडावर पहिला घाव बसल्याचा आवाज आला, आडाचं दार उघडलं, आणि कोंडाईनं आडाच्या ऊन पाण्यानं पोरीला न्हाऊ घालून आईच्या कुशीत दिलं. ती पोर जगली. म्हातारी होऊन मेली.

पुढे काय झालं ते म्हातारे डोळे पुसत सांगतात. असं म्हणतात, की कोंडाई घाटावर उतरली, तिची पावलं पडली तिथं पाणी नितळ होत गेलं, आणि चालता चालता ती डोहात शिरून नदीच झाली.

गोष्ट छान आहे. पण कोंडाई पटकीनं मेली, त्याच पावसाळ्यात. आडाचं दार उघडलं म्हणून गावकुसाबाहेरच्या बाईला तिथं रोज कुणी उभं केलं नाही, आणि चर बुजवला म्हणून नदी दुसऱ्या दिवशी साफ होत नाही. "डोहात गेली" म्हटलं, की कुणाला जबाब द्यावा लागत नाही. ती गेली त्या दिवशी घाटावर पहिला खंड्या परत आला, असंही म्हणतात. ते मात्र मी मोडणार नाही.

शेवऱ्यात आजही बाळाच्या पहिल्या आंघोळीआधी घाटाच्या पाण्याची वाटी भरतात आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसापुढे ठेवतात. तिला कोंडाईची वाटी म्हणतात. शेजारी कुदळ ठेवतात. आता चर नाही, वरच्या शहराची सिमेंटची नळी आहे, आणि पाण्यावर फेस तरंगतो. आडाच्या जागी घरोघर फिल्टरचे जार आलेत. पारावर म्हणतात, "विकास म्हटला की थोडं चालायचंच."

परवा एका आजोबांनी कोंडाईच्या वाटीत ओतायला सीलबंद बाटली काढली. बायकांनी ती काढून घेतली, कढीपत्त्याच्या बुडात रिकामी केली आणि घाटाचं पाणी पुढे ठेवलं. आजोबा वाटीकडे बघत बसले. आत नात रडत होती. मग त्यांनी कुदळीकडे बघितलं, कारण प्यायचं नसेल तर ती घेऊन नळीच्या तोंडाशी जायचं असतं.

तिसरी वाट कोंडाईनं ठेवलेली नाही.