दोन तीरांचा दाखला

फार पूर्वी डोंगरदऱ्यांच्या एका राज्यात भात पोटरीला आलं की घरोघर थंडीतापाची साथ यायची. एका कडू सालीच्या काढ्याने ताप उतरतो, असं लोक म्हणत. खरं काय ते शोधायचं काम राणीने त्र्यंबकशास्त्री या राजवैद्यावर सोपवलं.

शास्त्रीबुवा कसोटीला कडक. काढा कुणाला द्यायचा नि कुणाला नाही हे जिथे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, तेवढ्याच गावांचा अनुभव ते मानत. वैद्याने मर्जीने धडधाकट रोगी निवडले की औषधाला फुकटचं यश मिळतं, हे त्यांनी पाहिलं होतं. चिठ्ठ्यांच्या गावांत काढा गुणकारी ठरला. येत्या साथीला तो राज्यभर वाटायचं ठरलं.

पण गरोदर बायकांचं काय? त्यांच्या चिठ्ठ्या कुणीच टाकल्या नव्हत्या; पोटातल्या जिवाशी असा खेळ कोण करणार? शास्त्रीबुवांनी निकाल दिला, पुरावा नाही तर काढा नाही. खरं तर साथीत सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होत. आणि शास्त्रीबुवांच्या लेकीलाही नुकतेच दिवस गेले होते.

त्यांच्या जोडीला म्हाळसाबाई नावाच्या वैद्य होत्या. काही दऱ्यांत गरोदर बायका काढा घेत आल्यात, तिथे जाऊन बघू, असं त्यांनी सुचवलं.

“दिसतं ते खरंच असतं असं नाही, बाई,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“म्हणून तर पारखायचं. न पारखता घ्यायचं नाही, तसं न पारखता टाकायचंही नाही.”

शास्त्रीबुवांना ते पटलं. दोघं निघाले. पहिल्या गावच्या वैद्याने, काढा घेतलेल्या सगळ्या बायका सुखरूप बाळंत झाल्या, असं तोऱ्यात सांगितलं. चौकशीत कळलं, ताप उतरणीला लागलेल्यांनाच तो काढा देई. दुसऱ्या गावात लोक काढ्याच्या नावाने बोटं मोडत होते. तिथे तो शुद्ध हरपल्यावरच पाजत. दोन्ही गावांचं बोलणं त्यांनी बाजूला ठेवलं.

मग एका नदीच्या दोन तीरांवर दोन वाड्या लागल्या. नातीगोती एक, खाणंपिणं एक, तापही एकच. पण सालीची झाडं एकाच तीरावर होती, साल ताजीच लागे, आणि साथीच्या दिवसांत नदी दुथडी वाहायची. काढा कुणाला मिळणार, हे कुणाच्या मर्जीवर नव्हतंच. शास्त्रीबुवा स्वतः घरोघर हिंडले. झाडांच्या तीरावर सुखरूप बाळंतपणं कितीतरी जास्त झाली होती. बाळांना अपाय झाल्याचं कुठे आढळलं नाही. पुढच्या दरीतही असाच दाखला मिळाला.

राणीपुढे त्यांनी दोन्ही पुरावे वेगवेगळे मांडले. चिठ्ठ्यांचा भरवसा पक्का, दोन तीरांचा त्याहून थोडा कच्चा. तरी गरोदर बाईला ताप आला तर काढा द्यावा आणि तिच्यावर नीट लक्ष ठेवावं. राणीने सल्ला मानला.

साथ आली. शास्त्रीबुवांची लेकही तापाने फणफणली. वाटी हातात घेऊन तिने विचारलं, “बाबा, नक्की ना?”

“चिठ्ठ्यांइतकं नक्की नाही, बाळ. पण कळण्यासारखं होतं ते सगळं पारखून आलोय. घे.”

ताप उतरला. दिवस भरल्यावर तिला गुटगुटीत मुलगी झाली. त्या वर्षी राज्यात बारशांची एवढी गर्दी उडाली की पाळणे करून सुतार थकले, आणि आत्याबाईंना कानात नाव सांगायला एका घरातून दुसऱ्या घरात धावावं लागलं. म्हाळसाबाईंकडे तर इतक्या घुगऱ्या जमल्या की त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून जेवण घातलं. शास्त्रीबुवांनी नातीच्या पाळण्याची दोरी ओढत मोठ्याने पाळणा म्हटला. सूर कुठेच लागत नव्हता. बायका हसून बेजार झाल्या, आणि नात मात्र शांत झोपली.

तात्पर्य: जिथे उत्तम पुरावा मिळणं शक्यच नाही, तिथे हाती असलेला पुरावा फेकू नये, तो पारखून घ्यावा, आणि त्याचा कच्चेपणा कुणापासून लपवू नये.