अस्तराखालची पोकळी

"पण सर, पोकळी दिसते की नाही, एवढंच सांगा!"

केळुसकर सरांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही.

हर्षल ठोंबरे पशुवैद्यक कॉलेजात पहिला आलेला. ही गोष्ट तो स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे. शेळीच्या आतड्याला आतून टर्किश टॉवेलाला असतात तसे बारीक अंकुर असतात. त्यांच्या टोकाशी, अस्तराच्या खाली, त्याला एक पोकळी सापडली होती. चाळीस शेळ्यांचे तुकडे पाहिले, चाळीसांतही तीच. तीन वर्षांचा प्रबंध तिच्यावरच उभा होता. तो सोमवारी सादर करायचा होता आणि सरांची सही तेवढी राहिली होती.

"दिसते," सर म्हणाले.

"मग?"

"तुकडे कुठून आणलेस?"

"कत्तलखान्यातून. स्वतः जायचो, सर. डब्यात घालून स्कूटरवरून थेट कॉलेजात, आणि कुजू नयेत म्हणून आल्याबरोबर फॉर्मालिनमध्ये."

"वेळ किती जायचा?"

"अर्धा तास. फार तर चाळीस मिनिटं."

सरांनी आता सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"जनावर मरतं, पण आतडं थांबत नाही रे. ते स्वतःलाच पचवायला लागतं. थोड्याच वेळात अस्तर सुटून वर उचललं जातं आणि खाली जागा पडते. फॉर्मालिनची बाटली जनावरापाशी न्यायची असते, हर्षल."

हर्षलचा चेहरा उतरला. तीन वर्षं डोळ्यांसमोरून गेली असतील बिचाऱ्याच्या. पण हार मानणारा गडी नव्हता तो. त्यानं पिशवीतून एक जाड पुस्तक काढून सरांपुढे उघडलं.

"मग हे काय? पान एकशे बारा. पुस्तक तुमचं, आकृती तुमच्या हातची. ही पोकळी बघूनच मी शोधायला लागलो. चाळीस वर्षं सगळी मुलं हेच शिकतायत!"

सर आपल्याच आकृतीकडे बघत राहिले. याच आकृतीनं त्यांना नाव दिलं होतं. मला विचाराल तर हर्षलनं इथे थांबायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा पडलेला बघवत नाही.

"तुम्हीही पाहिली होती ना, सर? दोघांनी पाहिली, म्हणजे ती आहेच ना?"

सरांनी खिशातलं पेन काढलं. हर्षलला हायसं वाटलं. त्यानं घाईघाईनं सहीचा कागद पुढे सरकवला.

सरांनी तो बाजूला सारला आणि पान एकशे बारावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आकृतीवर सरळ रेघ मारली.

"सर! अहो, हे काय करताय?"

पेनाचं टोपण लावायला सरांना जरा वेळच लागला.

"माझ्याकडे सायकल होती, हर्षल. मला सव्वा तास लागायचा."