डाळिंबी परी आणि आईची भूक

डाळिंबांच्या एका मोठ्या बागेच्या पार शेवटी, जिथं पाण्याच्या नळ्या संपतात आणि उघडा माळ सुरू होतो, तिथं पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली होती. त्या खोलीत सुगंधा राहायची. सगळे तिला सुगी म्हणत. सुगीचे आबा, म्हणजे तिचे वडील, बागेचे राखणदार होते. बाग दुसऱ्याची, पाणी दुसऱ्याचं, लालचुटूक फळंही दुसऱ्याची. आबांकडे फक्त राखण. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की घरात मांजरसुद्धा थांबायचं नाही. सुगीचा एकुलता एक निळा झगा धुतला, की तो वाळेपर्यंत ती आईचं जुनं लुगडं गुंडाळून बसायची.

शाळा होती, पण ओढ्याच्या पलीकडं, टेकडीच्याही पलीकडं. चिमुकल्या पायांनी तिथवर जायचं कसं? म्हणून आईच शाळा झाली. आई बारावीपर्यंत शिकलेली. दाराचा पत्रा हा तिचा फळा. भाकरी थापता थापता ती विचारायची, “अर्धी भाकरी सुगीला, पाव ज्ञानूला. उरली किती?”

“पाव!” सुगी म्हणायची.

“ती कुणाची?”

“मांजराची!” धाकटा ज्ञानू ओरडायचा.

मग आई हसायची. आई चांगली गुबगुबीत होती, आणि हसली की सगळीच्या सगळी हसायची. गाल हसायचे, दंड हसायचे, पोट हसायचं. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की पाढेसुद्धा अंगाईसारखे वाटायचे.

पण हल्ली आईला उठवत नव्हतं. बसली की उठताना “आई गं” म्हणायची. पाण्याची कळशी दोन ठिकाणी टेकवत आणायची. एके दिवशी नर्सताई आल्या. त्यांनी आईचं बोट टोचून रक्ताचा इवलासा थेंब तपासला, तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, “वहिनी, साखर वाढतेय. गुडघे कुरकुरताहेत. वजन उतरवा, खाणं सुधारा. नाहीतर अंथरूण धराल.”

त्या गेल्यावर आबा हळूच म्हणाले, “तुला झेपणार नसेल तर पोरांना आत्याकडे ठेवू. तिथं शाळा जवळ आहे.”

आत्याचं गाव फार लांब होतं. आईनं ज्ञानूला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून आईनं जेवणच सोडलं. सगळ्यांना वाढायची आणि म्हणायची, “मला नको. मला कुठं भूक आहे?” तरी पुढच्या खेपेला नर्सताईंच्या काट्याचा काटा आणखीच पुढं सरकला. सुगी गोंधळून गेली. जो खातो तो जाड होतो, असं ज्ञानूलासुद्धा कळतं. मग जी जेवतच नाही, ती जड कशी होते? तिनं बोटांवर मोजून पाहिलं, पाटीवर मांडून पाहिलं. हे गणित काही केल्या सुटेना.

एका सकाळी दव अजून पानांवरून ओघळत होतं तेव्हा सुगी बागेत गेली. डाळिंबाला बहर आला होता. हिरव्यागार पानांत लाल, केशरी, शेंदरी फुलं. जणू कुणी इवले इवले मुकुट टांगून ठेवले होते. तेवढ्यात कसलीशी बारीक किणकिण ऐकू आली. पाखरांसाठी लावलेली जुनी जाळी एका झाडाला लोंबत होती आणि तिच्यात काहीतरी लाल लाल फडफडत होतं.

“थांब गं फुलपाखरा, ओढू नको, पंख फाटतील,” सुगी म्हणाली. तिनं खाली बसून एकेक गाठ सोडवली. बोटं खरचटली, तरी घाई केली नाही. शेवटची गाठ सुटली आणि तळहातावर काय उतरलं? फुलपाखरू नव्हे! अंगठ्याएवढी परी! डाळिंबाच्या फुलाचा झालरीदार झगा, दवाच्या थेंबांचे पैंजण आणि पाठीवर गुलाबी काचेसारखे चमचमते पंख.

“मी डाळिंबी परी,” ती म्हणाली.

“डाळिंबी? म्हणजे वालाची उसळ?” सुगीनं विचारलं.

परी आधी रुसली, मग खुदकन हसली. “उसळ नव्हे गं! डाळिंबाची म्हणून डाळिंबी. तू माझे पंख वाचवलेस. तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम आहेत. इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. या जगातलं काहीच नाहीसं होत नाही, म्हणून इथून उचललेलं मला दुसरीकडं ठेवावं लागतं. आणि दिलेलं परत फिरवायचं असेल तर दिवस मावळायच्या आत, तेही ज्याचं त्यानं मागितलं तरच.”

सुगीनं विचारही केला नाही. “माझ्या आईचं जडपण काढून घे.”

“घेते. ठेवू कुठं?”

“ठेव की त्या दगडावर.”

“दगडाला जडपण कळत नाही गं. ते जिवंत जिवालाच पेलावं लागतं.”

सुगी पुन्हा गोंधळली. ज्ञानू तर एवढासा. आबा दिवसभर बागेला फेऱ्या घालतात. शेळी गाभण आहे. मग उरलं कोण? “माझ्यावर ठेव,” ती म्हणाली.

परीचे पंख क्षणभर थांबले. “नक्की?”

“नक्की.”

शेंदरी ठिणग्यांची एक भिरभिर उडाली, आणि सुगीला वाटलं, कुणीतरी तिच्या खांद्यांवर ओलं पोतं टाकलंय. दिसायला ती होती तशीच, पण पाय उचलेना. घरी पोहोचेपर्यंत तिला धाप लागली.

घरी पाहते तर काय! आई दिसायला तशीच गुबगुबीत, पण वाऱ्यावरच्या कापसासारखी अंगणभर फिरतेय! “सुगे, आज माझे गुडघे बोलेनात बघ!” ती हसत म्हणाली. तिनं झपाझप भाकऱ्या थापल्या, आबांना, सुगीला, ज्ञानूला वाढलं. “मी मागून खाते,” म्हणाली आणि खाल्लं काहीच नाही.

सुगी पोटभर जेवली. तरी थोड्या वेळानं तिच्या पोटात खड्डा पडला. असा खड्डा तिनं कधीच पाहिला नव्हता. आई कविता शिकवत होती आणि सुगीला एक अक्षर ऐकू येईना. मग तिच्या ध्यानात आलं, जडपणाबरोबर आईची भूकही आपल्याकडं आलीय. ती आपल्या जेवणानं भागत नाही, कारण ती आपली नाहीच.

तिचा हात आपोआप खारीच्या डब्याकडं गेला. एक खारी. मग दुसरी. ज्ञानूच्या ताटात अर्धी भाकरी आणि गुळाचा खडा उरला होता. टाकायचं कसं? तोही गेला पोटात. मग दुधासाखरेचा दाट चहा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि घटकाभरात खड्डा परत तिथंच. फरसाण, पुन्हा चहा, पातेल्याला लागलेली खरवड. सुगीला पाढा आठवेना की हसू येईना.

दुपार कलली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. आणि एकदम तिला कळलं, जेवत नाही म्हणूनच आई दिवसभर खात असते! बसून नव्हे, उभ्या उभ्या. ताटात नव्हे, डब्यातून. आपलं नव्हे, दुसऱ्यांचं उरलेलं. कुणी पाहत नाही, आणि आईसुद्धा ते मोजत नाही.

तेवढ्यात ज्ञानूनं हाक मारली म्हणून सुगी उठायला गेली आणि गुडघ्यात कळ येऊन मटकन खाली बसली. “आई गं!”

आई धावत आली. “काय झालं गं बाळा? केवढी धाप लागलीय तुला!”

मग सुगीनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. जाळी, परी, जडपण, सगळं. आई हसेल असं तिला वाटलं होतं. पण आईनं आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. सकाळपासून तो एकदाही दुखला नव्हता. तिचा चेहरा उतरला.

“चल. कुठं आहे ती?”

“नको आई! तू मागितलंस तर ती परत देईल. मला जमेल की. मग आम्हाला आत्याकडे नाही ना जावं लागणार?”

आईनं तिला उचलून कडेवर घेतलं आणि झाडापाशी आणलं. सूर्य माळावर टेकला होता. आईला परी दिसली नाही. तिला दिसलं फक्त थरथरणारं एक लाल फूल. ती फुलालाच म्हणाली, “बाई, माझं आहे ते मला दे. माझं ओझं माझ्या लेकीनं वाहायचं नाही. उतरवायचं तर मीच उतरवीन.”

ठिणग्या उडाल्या. सुगी पिसासारखी हलकी झाली आणि आई झाडाचा आधार घेत हळूच खाली बसली. सुगीला कळेना, आता आनंद मानायचा की रडायचं.

“आणखी एक इच्छा आहे तुझी,” परी तिच्या कानाशी किणकिणली.

सुगीनं खूप विचार केला. सोनं मागावं? औषध? गाडी? आईला बारीक कर म्हणावं, तर ते बारीकपण कुणाचं काढून आणणार? डोक्यात नुसता गुंता झाला. शेवटी तिच्या तोंडून निघालं, “आईला आमच्याबरोबर भूक लागू दे.”

“एवढंच?”

“एवढंच. चहाच्या कपात, डब्याच्या तळाशी, आमच्या उष्ट्यात तिची भूक सांडलीय. ती गोळा कर आणि जेवणाच्या वेळेवर आणून ठेव.”

परीचे डोळे लुकलुकले. “असं मागणं माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. भूक मी आणून ठेवीन. पण ताट तुम्हीच वाढायचं हं!”

दुसऱ्या सकाळी आई म्हणाली, “तुम्ही बसा, मी मागू...” आणि तिच्या पोटातून असा गुरगुराट झाला की ज्ञानू ओरडला, “अस्वल!” आबांना हसू फुटलं. सुगीनं आईचा हात धरून तिला पाटावर बसवलं. आबांनी स्वतः ताट वाढलं. गरम भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, काकडीच्या गोल गोल हिरव्या चकत्या. आई पहिला घास घेऊन नुसती बसून राहिली. “भाकरी इतकी मऊ असते होय?” ती म्हणाली. गरम भाकरी तिनं कितीतरी दिवसांत खाल्ली नव्हती.

मग घरच्या शाळेत नवे धडे सुरू झाले. आपल्याला हवं तेवढंच वाढून घ्यायचं आणि ताट आपणच चाटूनपुसून स्वच्छ करायचं. ज्ञानूला हा धडा फार जड गेला. चहातली साखर रोज चिमूटभर कमी होऊ लागली. पाढे झाडांच्या रांगांतून चालत चालत म्हणायचे, आधी एका रांगेपर्यंत, मग पुढच्या. आई मधे मधे बसायची, दमायची, कधी चिडायचीही. एकदा तिनं अख्खा पुडा खारी खाल्ली आणि रडली. सुगी घाबरली, जादू संपली की काय? पण संध्याकाळी सगळ्यांबरोबर आईला भूक लागली आणि ती ताटावर येऊन बसली.

फुलांच्या पाकळ्या गळल्या, हिरवी बाळफळं धरली, ती लालीवर आली. नर्सताई आल्या. काट्याकडे पाहून त्यांनी चष्मा पुसला. मग रक्ताचा थेंब तपासून विचारलं, “वहिनी, साखर उतरलीय की! केलंत तरी काय?”

“जेवले,” आई म्हणाली.

आबांनी आत्याच्या गावचं नावही काढलं नाही. उलट संध्याकाळी ते बाजारातून नवी पाटी घेऊन आले.

सुगी धावत परीकडं गेली. परी एका फुगीर फळाच्या मुकुटावर बसली होती. तिचा झगा आता पिकल्या डाळिंबासारखा दिसत होता.

“परी, एक सांग ना. आई बरी झाली ती तुझ्यामुळं, की ती चालली म्हणून, की आम्ही ताटं स्वच्छ केली म्हणून? मला काही कळतच नाही.”

परीनं इवलीशी मान खाजवली. “खरं सांगू? मलाही नीट कळलं नाही. मी तर थोडीशीच भूक इकडची तिकडं केली. पण तू दुसऱ्याचं ओझं एक दिवस वाहिलंस ना, माझी जादू तिथूनच सुरू झाली असावी.”

ती उडाली. आधी तिचे पंख उजळले, मग पैंजण, मग ती सगळीच. गुलाबी, सोनेरी, शेंदरी उजेड फळाफळांवरून झिरपत गेला, आणि सगळी बाग माणकांनी भरल्यासारखी लखलखली. मग उजेड हळूहळू विरला. परी नव्हती.

सुगी तिथंच उभी राहिली. मागून पावलं वाजली. आई एकटीच, कशाचाही आधार न घेता, बागेच्या या टोकापर्यंत चालत आली होती.

“अंधार पडायला लागला,” ती म्हणाली. “चल गं, मला भूक लागलीय.”