राजाच्या उचकीचा धनी कोण?

"धोंडू माळ्याला परवा उजाडताच राज्याबाहेर घालवा!" तोरणपूरचे राजे रणबाजी भरल्या ताटावरूनच गरजले.

का, तर जेवताना त्यांना उचकी लागली होती! उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय आणि बरोबर नाव घेतलं की ती थांबते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण राजे पडले हट्टी. जेवणाच्या वेळी आठवण काढतो तो वाईटच चिंतत असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग काय, कारभारी नागोजीराव एकेक नाव घेत, राजे नावागणिक घोटभर पाणी पीत, आणि ज्याच्या नावाला उचकी थांबे त्याचं बिऱ्हाड पाठीवर! न्हावी गेला, सनईवाला गेला, आता धोंडू.

धोंडूची बायको ठकू राजवाड्यातच मिरच्या-मसाले वाटायची. हुकूम तिच्याही कानी आला. गरीब बिचारा नवरा, त्याला स्वतःच्या सासऱ्याची आठवण राहत नाही, तो राजाची कुठून काढणार? पदर खोचून ती तडक राजांपुढे उभी राहिली.

"सरकार, उद्या नावं मला घेऊ द्या. माझं चुकलं तर नवऱ्यामागून मीही चालती होईन!"

"घे! आमची उचकी कधी खोटं बोलत नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी राजांनी भाकरीशी ठेच्याचा मोठा घास घेतला आणि... उचक्!

"पडवळ!" ठकू म्हणाली.

राजे चमकले, पण घोट घेतला. उचक्!

"घोसाळं!" घोट. उचक्!

"वांगं!" घोट... आणि उचकी गप्प!

"पिटा दवंडी, सरकार! वांग्याला हद्दपार करा!"

"ही काय थट्टा!" नागोजीराव फणफणले. "धोंडूचं नाव घेतलं असतंस तर केव्हाच थांबली असती!"

"मग संध्याकाळी तुम्हीच घ्या की नावं! पाण्याचा तांब्या तेवढा माझ्याजवळ राहू द्या."

संध्याकाळी पुन्हा ठेचा, पुन्हा उचकी. नागोजीरावांनी धोंडूचं नाव घेतलं. उचक्! पुन्हा घेतलं, ओरडून घेतलं. उचक्! उचक्! सगळं गाव घेऊन झालं, पाहुणेरावळे झाले, घसा बसला. पाण्याचा थेंब नाही आणि राजांच्या डोळ्यांतून धारा!

"अगं, पाणी दे!"

"कुणाचं नाव घेऊ, सरकार?"

"कुणाचंही नको! आधी पाणी दे!"

राजे घटाघटा प्यायले. उचकी थांबली. ते तांब्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे पाण्यानं थांबत होती? मग आमची आठवण काढत होतं तरी कोण?"

"ताटातली मिरची, सरकार! उचकी लावली मिरचीनं, थांबवली पाण्यानं. मधल्यामध्ये माझ्या नवऱ्याचा ठेचा कशाला करता?"

राजे असे खो खो हसले, की हसता हसता... उचक्! नागोजीरावांनी सवयीनं तोंड उघडलं.

"तोंड मिटा, कारभारी, आणि तांब्या भरून आणा!"

त्याच संध्याकाळी न्हाव्याला आणि सनईवाल्याला माघारी आणायला घोडेस्वार सुटले, धोंडूला सगळी राजबाग इनाम मिळाली आणि ठकूच्या हातांत सोन्याच्या पाटल्या चढल्या!