रिकाम्या झोळीचा झोका

कासारखेडे हे गाव ओढ्याच्या दोन्ही अंगांना वसलेले. अलीकडे सुतारआळी, पलीकडे मारुतीचा पार, मधे घोटाभर पाणी. त्या पारावर, लिंबाखाली, हरबा महाराज दिवाळीनंतर येऊन बसले ते होळी झाली तरी उठले नाहीत. कुणाची सुतळी वळून दे, कुणाच्या वासराला सावलीत बांध, असा त्यांचा दिवस जाई. त्यात कुणाला देव दिसला, कुणाला रिकामटेकडा.

सुतारआळीतल्या तुळजेला देव दिसला. रोजच्या पहिल्या भाकरीचा चतकोर पळसाच्या पानात बांधून ती ओढा ओलांडी.

तिचे सासरे नारबा मेस्त्री यांना रिकामटेकडा दिसला.

"तुझ्या बुवाला साधी खुंटी तरी ठोकता येते का गं?" ते विचारत. "बसून खायचं. तेवढं आपला बैलही करतो, वर नांगर ओढतो!"

तुळजा पदर दातांत धरून भाकऱ्या थापत राही. सासू नव्हती, नवरा तालुक्याला दारं बसवायच्या कामावर. बोलणार कुणाशी? आणि मामंजींचा हात होताही तसाच! पंचक्रोशीत पाळणा हलला की समजावं, तो नारबांनी घडवलेला. "माझ्या पाळण्यात रडणारं मूल दाखवा," असं ते चारचौघांत म्हणत.

ते मूल त्यांच्याच घरात जन्मले.

जाणारा झोका

नातीचे नाव मथुरा, अडीच महिन्यांची. तिच्यासाठी नारबांनी सागवानी पाळणा केला. चार कोपऱ्यांना चार मोर. वर फिरते चक्र, चक्राला पोपट, पोपटांना घुंगरं. आत दोन गाद्या, तीन उशा.

मथीची पाठ टेकली की किंचाळी!

खांद्यावर पेंगायची, पाळण्यात ठेवताच डोळे टक्क. दृष्ट काढून झाली, वेखंड उगाळून झाले. मथी जागीच. नारबा रोज सकाळी नव्या जिद्दीने एक पोपट वाढवत.

जागरणाच्या नवव्या दिवशी सुईण गोदाक्का आली. तिने पोरीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"तुळजे, ही अंगावर पिते का?"

"चार घोट घेते आणि दमून रडायला लागते."

"झोप नाही म्हणून दूध नाही, दूध नाही म्हणून झोप नाही. अर्धी झाली गं पोर. असे आणखी आठ दिवस गेले, तर..." आक्काने पुढचे तोंडातच ठेवले.

"मामंजी, हिला महाराजांकडे नेते."

"नातीला घेऊन ओढा ओलांडायचा नाही!" नारबा कडाडले. "माझ्या पाळण्यात तो भाकरखाऊ खोट काढणार? गाव हसतंय तेवढं पुरे."

येणारा झोका

तुळजेने शब्द मोडला नाही. मथीला आक्काच्या मांडीवर दिले आणि एकटी भाकरी घेऊन गेली. पारापाशी पोचताच तिला रडू फुटले. महाराजांनी रडू दिले. मग विचारले,

"पाळण्यात काय काय आहे?"

तिने मोरांपासून उशांपर्यंत सगळे सांगितले.

"आणि एवढ्या गर्दीत पोर कुठे निजते?"

तुळजा भर रडण्यात हसली. "कडेला, महाराज."

महाराज म्हणाले, "बाई, ते सगळं काढ. एक धुतलेलं लुगडं ताणून अंथर. पोट भरेल तेवढं पाज, ढेकर काढ, उताणी ठेव. मग हात लावू नकोस. झोका मी देतो."

"तुम्ही? इथून?"

"ओढा तो केवढा!"

घरी नारबा परसात ओंडका कापत होते. करवतीचा आवाज ऐकत ऐकत तिने एकेक पोपट उतरवला आणि सुपात ठेवला. गाद्या गेल्या, उशा गेल्या. मोकळ्या पाळण्यात तिने मथीला ठेवले.

किंचाळी.

आईचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो मागे घेतला. माऊलींनो, हे किती अवघड, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दारातून समोर पार दिसत होता. महाराजांनी खांद्यावरचे उपरणे काढले. दोन्ही टोके लिंबाच्या फांदीला बांधली. झाली झोळी. तिला दोरी लावली आणि ते झोका देऊ लागले.

रिकाम्या झोळीला!

पाण्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. रिकामा पाळणा हलवू नये, मुलाला बाधतो, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. आणि महाराज तर खुशाल दोरी ओढत होते.

घरातला पाळणा जागचा हलला नाही. पण मथीची नजर हलू लागली.

डावीकडे.

उजवीकडे.

डावीकडे.

उजवी...

पापण्या मिटल्या. मूठ सैल झाली. तुळजेने तिच्या नाकाशी बोट धरून पाहिले. श्वास कसा संथ चालला होता!

थांबलेला झोका

नारबा आत आले. आधी सुपातले पोपट दिसले. मग दारातून पलीकडची झोळी दिसली.

"घरात माझी तान्ही नात, आणि हा रिकामी झोळी हलवतोय? मारायला टपलाय की काय!"

ते पाणी उडवत ओढ्यातून गेले आणि महाराजांच्या हातातली दोरी त्यांनी गच्च धरली.

झोळी थांबली. घरात मथी दचकली आणि किंचाळली. भर दुपारी, ओढ्याच्या पलीकडे ऐकू जाईल इतकी.

"मामंजी, सोडा! सोडा ती दोरी!" तुळजा उंबऱ्यातून ओरडली. जन्मात ती सासऱ्यांवर अशी ओरडली नव्हती.

महाराज शांतपणे म्हणाले, "मेस्त्री, सोडा तरी, नाहीतर तुम्ही ओढा."

चिडून नारबांनी दोरीला हिसका दिला. आणि ते जागीच गोठले.

त्यांना काय जाणवले ते पुढे त्यांनीच सुनेला सांगितले. झोळी हलकी नव्हती. चाळीस वर्षे पाळण्याच्या दोऱ्या हाताखालून गेलेला माणूस. किती महिन्यांचे मूल आहे ते तो दोरीवरून सांगे. हे अडीच महिन्यांचे. त्यांनी वाकून पाहिले. आत कुणी नाही. पण कापडाला एक लहानसा खळगा पडला होता, डोक्याएवढा, पाठीएवढा. त्यांनी तळवा टेकवला.

ऊब होती!

तुळजेला दारातून दिसले ते एवढेच: मामंजींनी दोरी ओढली आणि मथी शांत झाली. थांबवली, मथी कुरकुरली. ओढली, शांत. त्यानंतर मामंजी थांबलेच नाहीत.

"महाराज..." नारबांनी दोरी ओढता ओढताच विचारले. "किती वेळ ओढू?"

"तिची झोप होईपर्यंत. मी जरा आंघोळ करून येतो."

महाराज ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेले. पारापाशी गाव जमले. कासाराचा हणमा पुढे सरसावला.

"काय मेस्त्री, झोळीत कोण निजवलंय?"

"माझी नात."

"दिसत नाही ती!"

"हळू बोल," नारबा म्हणाले, "उठेल."

लोक हसले. नारबांनी मान वर केली नाही.

उन्हे कलली. मथी जागी झाली ती हसत. भुकेने अशी पिऊ लागली, की घटाघट आवाज ऐकून आक्काने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे पुसले. पोट भरताच पोर पुन्हा पेंगली. तुळजेने तिला मोकळ्या पाळण्यात ठेवले. ती आपली आपण निजली. मग सून निरोप सांगायला ओढ्यात उतरली.

महाराज तेवढ्यात ओल्या पंच्याने परत आले होते. नारबांना त्यांचे पाय धरायचे होते. पण पोर पोटभर पिऊन आपली आपण निजली आहे हे त्यांना अजून कळले नव्हते. ते दोरी सोडेनात. तसेच वाकले. कपाळ महाराजांच्या ओल्या पायांवर, आणि उजवा हात मागे, झोका देत.